'त्याला गाण्यातले काय कळते?'

गेल्या गणेशोत्सवात सावेडीतील एक माता आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा स्वमग्न आहे. आदल्या रात्री गाण्याच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपक दणाणताच त्याने कान गच्च दाबले, किंकाळी फोडली आणि जमिनीवर लोळण घेतली. "अशा पोराला आणता कशाला? त्याला गाण्यातले काय कळते?" असे शेजारचे कोणीतरी बोलले. हाच मुलगा घरी रेडिओवरची भजने तासन् तास ऐकतो. "आता कुठे जायलाच नको," म्हणून ती रडू लागली. तिला जे सांगितले, तेच आज वाचकांना सांगतो.

असे का होते?

हा हट्ट नव्हे, वाईट वळणही नव्हे. नको असलेला आवाज आपला मेंदू आपोआप मागे सारतो. स्वमग्नता असलेल्या अनेकांना ही निवड जड जाते. आवाज, दिवे, गर्दी सारे एकदम अंगावर येते. अशा वेळी रागावल्यास त्रास वाढतो. शांत जागी नेल्यास तो हळूहळू ओसरतो.

कर्णबधिरांना संगीत कशाला, असेही विचारले जाते. परंतु ध्वनी म्हणजे कंप. ढोलाचा खर्ज छातीला आणि तळपायांनाही जाणवतो. स्कॉटलंडच्या प्रसिद्ध तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. वाद्याचे कंप पायांना कळावेत म्हणून त्या अनवाणी वाजवतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची अडचण निराळी असते. ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. त्यामुळे मोठ्या ध्वनिक्षेपकाजवळ सूर फाटल्यासारखे ऐकू येतात.

पोलिओ किंवा संधिवात असलेल्यांना मांडी घालून बसता येत नाही. पुण्याच्या, १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीबरोबर खुर्च्याही असतात. आपल्याकडे अनेकदा सतरंजी हाच एक पर्याय असतो. वापरता येईल असे स्वच्छतागृह नाही, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून पाणी न पिणारे रुग्ण मी पाहिले आहेत. या सवयीने लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आयोजकांनी काय करावे?

१) प्रवेशाच्या पायरीवर फळीचा उतार करावा. वाटेतील वायरी झाकाव्यात.
२) व्हीलचेअरसाठी कडेला जागा आणि शेजारी सोबत्याची खुर्ची ठेवावी.
३) कर्णबधिरांना कलावंताचे ओठ आणि हात दिसतील, पण ध्वनिक्षेपक दूर राहील, अशी जागा द्यावी. शक्य तेथे सांकेतिक भाषेचा जाणकार व्यासपीठावर उभा करावा.
४) मंडपापासून दूर एक शांत खोली मोकळी ठेवावी.
५) आवाज आटोक्यात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. ती धडधाकट कानांसाठीही हिताची आहे.
६) झगमगणारे दिवे टाळावेत. काही अपस्माराच्या रुग्णांना त्याने झटका येऊ शकतो.

यात उपकार काही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता नोंदलेली असून त्यात स्वमग्नताही आहे. सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क हा कायदा देतो.

घरच्यांनी काय करावे?

मुलाला जागा आधी रिकामी असताना दाखवावी. कडेला, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ बसावे. आवाज अडवणारे इअरमफ सोबत ठेवावेत, कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्या आवडीची वस्तू हातात द्यावी. पूर्ण कार्यक्रम ऐकलाच पाहिजे असा आग्रह नको. अपस्माराचा रुग्ण असल्यास जागरणापायी गोळीची वेळ चुकवू नये.

त्या मातेने दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला पुन्हा धीर केला. मुलगा इअरमफ लावून कडेच्या खुर्चीवर बसला. अर्ध्या तासाने उठला, भैरवीपर्यंत थांबला नाही. पण त्या अर्ध्या तासात तबल्याबरोबर त्याची बोटे खुर्चीच्या दांडीवर चालली होती, असे ती हसत सांगत होती. शेजारच्या आजींनी तेवढे फक्त सरकून जागा दिली होती.