मुलांचं काय?

पुतण्या : आत्या, दोन बायका किंवा दोन पुरुष संसार करत असतील तर माझी काही हरकत नाही. पण त्या घरात वाढणाऱ्या मुलांचं काय? आई आणि बाप दोघंही लागतातच की.

आत्या : लागतात का, हे तपासता येतं. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल या मनोविकारतज्ज्ञांनी १९८६पासून ८४ लेस्बियन कुटुंबांचा मागोवा घेतला. मुलं सतरा वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष २०१०मध्ये छापून आले. अभ्यासात आणि चारचौघांत मिसळण्यात ही मुलं समवयस्कांपेक्षा सरस होती, दांडगाईत मागे. आता तू म्हणशील, माहिती दिली आयांनी आणि त्याही आपणहून पुढे आलेल्या. आपलं पोर वाया गेलंय असं कोण सांगेल? शंका रास्त आहे. म्हणून मला २०२०चा नेदरलँड्समधला अभ्यास जास्त वजनदार वाटतो. तिथे कुणाला काही विचारलंच नाही, सरकारी नोंदी आणि शाळेतले गुण पाहिले. जन्मापासून समलिंगी जोडप्यांनी वाढवलेली जवळपास तीन हजार मुलं गुणांत पुढेच निघाली. दोन आया असल्या की मूल हुशार निघतं, असा अर्थ मात्र काढू नकोस. ही जोडपी सरासरीने सुखवस्तू असतात; ते जमेस धरलं की आघाडी घटते. पण बाप किंवा आई नसल्याने जो तोटा दिसायला हवा होता, तो दिसत नाही.

पुतण्या : उलट सांगणारा अभ्यासही गाजला होता ना?

आत्या : मार्क रेग्नेरस यांचा, २०१२चा. त्यांनी आई किंवा वडिलांचे कधीकाळी समलिंगी संबंध आले होते, अशी सगळी मुलं एका गटात टाकली. त्यातल्या बहुतेकांचं घर आधीच मोडलेलं होतं, आणि तुलना केली ती अखंड संसारांशी! घर मोडल्याची झळ भलत्याच खात्यावर मांडली गेली. समलिंगी विवाहावरच्या मिशिगनमधल्या एका खटल्यात २०१४मध्ये न्यायाधीशांनी त्यांची साक्ष विश्वासार्ह मानली नाही. अर्थात, दोन आयांच्या मुलांना झळ बसतच नाही असं नाही. गार्ट्रेल यांच्याच पाहणीत, आयांवरून हिणवल्या गेलेल्या मुलांमध्ये वागणुकीच्या तक्रारी जास्त आढळल्या. म्हणजे दुखणं घराबाहेरून येतं.

पुतण्या : मग लोक असे असताना मूल वाढवावंच कशाला, असं कुणी म्हणेल.

आत्या : त्या न्यायाने आंतरजातीय जोडप्यांनीही निपुत्रिक राहायला हवं होतं. आणि आपल्याकडे घराबाहेरचं हे दुखणं फक्त शेजाऱ्यांकडून येत नाही, कायद्यातूनही येतं. समलिंगी विवाहाच्या ज्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये दिला, त्यात अविवाहित जोडप्यांना मिळून दत्तक न देण्याचा नियमही होता. फक्त विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देतात, याला पुरावा नाही, असं तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं. पण ते मत अल्पमतात गेलं, तीन विरुद्ध दोन. त्यामुळे जोडप्यातल्या एकीला फार तर एकटी म्हणून मूल दत्तक घेता येतं, दोघींना मिळून नाही. शाळेच्या अर्जावर, दवाखान्याच्या संमतिपत्रावर दुसरी परकी. पहिली दगावली, तर जिला मूल आई म्हणतं तिला त्याचा ताबा मागायला न्यायालयाची पायरी चढावी लागेल. आणि या दुसरीच्या माघारी मृत्युपत्र नसेल, तर तिच्या मालमत्तेवर भाच्यांचा हक्क पोहोचू शकेल, त्या मुलाचा नाही.