मॉडेलच्या काचांना छटा देताना

मोटारी, बसगाड्या, विमाने आणि इमारतींची लहान मॉडेल्स बनविणे हे आता केवळ हौशी लोकांचे काम राहिलेले नाही. बिल्डरांची विक्री कार्यालये, प्रदर्शने आणि भेटवस्तूंची दुकाने यांच्याकडून अशी कामे निघतात. या कामात नुकसान होते ते बहुधा काचांमध्ये. बॉडीचा रंग बिघडला तर घासून पुन्हा मारता येतो. पारदर्शक भागावर धुके धरले किंवा बारीक तडे गेले की तो भाग बहुतेक वेळा फेकावाच लागतो, आणि किटमध्ये तो एकच असतो.

रंगाची बाटली उघडण्याआधी एक प्रश्न विचारावा. खऱ्या वस्तूच्या काचेला छटा आहे काय? दिवसा बाहेरून पाहिले तर साध्या काचेची खिडकीही काळसर दिसते, कारण आत अंधार असतो. तेव्हा पुष्कळ ठिकाणी काचेला हात न लावता आतला भाग गडद करड्या रंगाने रंगविला तरी काम साधते. नवशिका कारागीर काचेवर काळा रंग मारतो आणि खिडकीच्या जागी पत्रा बसविल्यासारखे दिसते. भारतातील मोटारींच्या बाबतीत नियमही ध्यानात ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 100 प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. मॉडेलची पुढची काच काळीभोर केली तर जाणकार गिऱ्हाईक लगेच चूक काढील.

विमानांची गोष्ट वेगळी. अमेरिकन नौदलाच्या ई.ए.-6बी प्राऊलर विमानाच्या काचेवर सोन्याचा अत्यंत पातळ थर असे. विमानातून सुटणाऱ्या जोरदार रेडिओ लहरींपासून आतल्या माणसांचा बचाव व्हावा, हा त्याचा हेतू. ह्युई हेलिकॉप्टरच्या छतावरील काचा हिरवट असतात, समोरच्या साध्या. म्हणून काम हाती घेताना खऱ्या वस्तूचे फोटो मागून घ्यावेत.

आता रंगाविषयी. नेहमीच्या रंगातील भुकटी प्रकाश अडविते, त्यामुळे तो कितीही पातळ केला तरी काच मळकट दिसते. येथे पारदर्शक अॅक्रिलिक रंगच हवा. जपानच्या तामिया कंपनीचे एक्स-19 धुरकट, एक्स-23 निळा, एक्स-24 पिवळा व एक्स-25 हिरवा हे रंग यासाठी जगभर वापरले जातात. धुरकट रंगाचा अंश व पिवळा मिळून सोनेरी झाक साधता येते. खाण्याचा रंग स्वस्त पडतो खरा, पण तो उन्हात उडतो. दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवायच्या मालाला तो वापरू नये.

काच प्रथम कोमट पाण्यात साबणाने धुवावी, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो. थिनरने कधीही पुसू नये. स्टायरीनची काच त्याने पांढरी पडते. लेझरने कापलेल्या अॅक्रिलिकच्या कडेला स्पिरिट लागले तरी तडे जातात. रंग शक्यतो आतल्या बाजूने, एअरब्रशने, 15 पीएसआयच्या आसपास दाब ठेवून मारावा. पहिला हात इतका हलका असावा की काही मारले आहे असे वाटूच नये. तो सुकल्यावर दुसरा, मग तिसरा. एकाच जाड हातात छटा आणू पाहिल्यास रंग कोपऱ्यात साचतो. ब्रशने मोठ्या काचेवर रेघा राहतातच.

एअरब्रश नसेल त्याने बुडविण्याची रीत वापरावी. फरशी चमकविण्याच्या पारदर्शक अॅक्रिलिक पॉलिशमध्ये पारदर्शक रंगाचे काही थेंब टाकून काच त्यात बुडवावी, चिमट्याने सावकाश वर काढावी आणि खालची कड टिशू कागदाला टेकवावी म्हणजे जादा पॉलिश शोषले जाते. वर वाटी झाकून एक दिवस ठेवावे, धूळ हा येथला मोठा शत्रू. या रीतीचा मोठा फायदा असा की बिघडले तर अमोनिया असलेल्या काच-क्लिनरने थर निघून जातो आणि काच वाचते.

इमारतीच्या सपाट खिडक्यांसाठी मात्र एवढी यातायात करू नये. करड्या, निळ्या, तपकिरी छटेची अॅक्रिलिक शीट बाजारात तयार मिळते. तीच कापून बसवावी.

चौकटीचा रंग छटा पूर्ण सुकल्यानंतर, मास्किंग टेप लावून मारावा. बसविताना झटपट चिकटणारा सुपर ग्लू टाळावा, त्याच्या वाफेने काचेवर पांढरे धुके धरते. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक सुकल्यावर पारदर्शक होतो.

धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट अवश्य करावी. टाकाऊ पारदर्शक पट्टीवर एक, दोन, तीन, चार हात मारून नमुना तयार ठेवावा. तो पांढऱ्या कागदावर आणि काळ्या कापडावर दोन्हीकडे धरून गिऱ्हाइकाला दाखवावा, कारण एकच छटा दोन्ही ठिकाणी निराळी दिसते. पसंत पडलेल्या खुणेवर त्याची सही घ्यावी. काचेच्या कामाची मजुरी बिलात वेगळी लिहावी आणि शक्य असेल तेथे जादा भाग आधीच मागवून घ्यावा. माल देताना ताजी काच बबलच्या प्लास्टिकमध्ये लगेच गुंडाळू नये. बुडबुड्यांचे गोल ठसे थरावर उमटतात. चार दिवस उघडी ठेवून मग मऊ कागदात बांधावी.