जुन्या वहीतले आकडे

उदास माणसाला 'जिम लाव' म्हणणारे खूप भेटतात. सल्ला तसा चांगलाच आहे. पण ज्याने कधी वजन उचललेलं नाही, तो निदान बिचकत, जपून सुरुवात करतो. आपटतात ते एकेकाळी उचलणारे. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कॉलेजात मी पॉवरलिफ्टिंग करायचे. मग नोकरी, लग्न, मुलगा, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण. वजनं सुटली ती सुटलीच. चाळिशी उलटल्यावर एक विचित्र मरगळ आली. रडू वगैरे येत नव्हतं, फक्त कशातच मन लागेना. मेथी निवडायला घ्यायची आणि अर्धी जुडी तशीच ठेवून भिंतीकडे बघत बसायचं, असं चाललं होतं. आमच्या डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. तुम्हीही घ्या. यांत गडबड असली तरी माणूस गळून जातो आणि घरचे त्याला आळस म्हणतात. माझे रिपोर्ट ठीक आले. 'पूर्वीचा व्यायाम पुन्हा सुरू करा,' डॉक्टर म्हणाले.

जिममध्ये ट्रेनरने मला बघताच ट्रेडमिल दाखवला. बाई आली म्हणजे बारीक व्हायलाच आली असणार! मी कॉलेजातली वही पुढे केली. स्क्वॅट, बेंच, डेडलिफ्ट, सगळे आकडे तारखेनिशी. तो एकदम खूश. 'मॅडम, मसल मेमरी असते, बघा कसं पटापट परत येतं,' म्हणत त्याने रॉडला प्लेटा चढवल्या. मसल मेमरी खोटी नाही. एकदा कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परतते. पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा इतक्या चटकन तयार होत नाहीत, त्यांना कित्येक महिने लागतात. शिवाय सवय सुटलेल्या स्नायूला वजन उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली आणताना जास्त मार बसतो, आणि स्क्वॅटमध्ये तर दर वेळी खाली जायचंच असतं.

त्या संध्याकाळी मी गुणगुणत घरी आले. दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या. तिसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनचा जिना कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरले. मागून 'चला ना ओ मॅडम' चालू होतं. ऑफिसात बसायचं म्हणजे टेबलावर हात रोवून अंग खुर्चीत सोडून द्यायचं. हे दुखणं आठवड्यात ओसरलं, गुडघा मात्र धरला तो धरलाच. त्याहून वाईट झालं मनाचं. आधी नुसती मरगळ होती, आता 'एवढंही आपल्याला झेपत नाही' याची भर पडली. सवलतीच्या नादात वर्षाची फी भरली होती. ते जिम दिसू नये म्हणून मी भाजीला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले.

गुडघ्यासाठी गेले त्या फिजिओथेरपिस्टबाईंनी एक गोष्ट सांगितली, ती पुढे मी स्वतः वाचली. २०१८ साली 'जामा सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, त्यांत मिळून १,८७७ माणसं होती. वजनांच्या व्यायामाने उदासीची लक्षणं कमी होतात, असं त्यात निघालं. पण कोणाची ताकद किती वाढली, एकूण व्यायाम किती दिला होता, याच्याशी त्या फायद्याचा ठळक संबंध दिसला नाही. वाचून मी वही माळ्यावर टाकली. मनासाठी जायचं तर ते आकडे गाठायची गरजच काय?

मग रिकाम्या रॉडने सुरुवात केली. रिकामा रॉडही २० किलोचा असतो बरं का! जड वाटला तर हलकी डंबेल्स घ्या, तीही नकोत तर खुर्चीवरून उठबस करा. आठवड्यातून दोन दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनाही स्नायूंच्या व्यायामासाठी प्रौढांना किमान दोनच दिवस सांगते. सेट संपताना 'अजून दोन-तीनदा जमलं असतं' असं वाटायला हवं. पहिला महिना वजन वाढवू नका आणि फीही महिन्याचीच भरा. ट्रेनर आग्रह करेल. त्याला सरळ सांगा, 'मी मन बरं वाटावं म्हणून येते.' मला सांगताना लाज वाटली, पण नंतर त्याने प्लेटांचा विषय काढला नाही.

हुरूप आल्यावर जाऊ म्हणाल तर कधीच जाणार नाही. मरगळीत हुरूप आधी येत नाही. आलाच तर दुसऱ्या सेटनंतर येतो. म्हणून मी ऑफिसातून परस्पर जाते, कारण घरी सोफ्यावर टेकलं की संपलं. अगदी नको वाटेल त्या दिवशी एकच सेट करून परतायची मुभा ठेवली आहे. नव्या वहीत वजनं लिहीत नाही. झोप लागली का, चिडचिड कमी झाली का, एवढंच. सुरुवातीला कित्येकदा 'काही फरक नाही' असंच लिहावं लागलं, हेही सांगून ठेवते.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि श्वास कोंडून वजन उचलू नका. व्यायामानंतर स्नायू सुजले, असह्य दुखू लागले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करतात. मनासाठी गोळ्या चालू असतील तर जिम लावलं म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर जिमचं नंतर बघू, आधी १४४१६ ला फोन करा. सरकारच्या टेलि-मानसचा हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.