जमा झाल्याचा भास : जुनी गाडी ऑनलाइन विकताना

जुनी मोटारगाडी विकण्याचा व्यवहार वरवर एकच दिसत असला, तरी त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी हात बदलतात: गाडीचा प्रत्यक्ष ताबा, तिची नोंदणीकृत मालकी आणि तिची किंमत. ओळखीच्या गॅरेजवाल्यामार्फत किंवा नात्यागोत्यात गाडी विकली जात असे तेव्हा या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच दिवशी, एकाच बैठकीत उरकत. ऑनलाइन जाहिरातीने विक्रेत्याला घरबसल्या शेकडो ग्राहक मिळवून दिले, पण त्याचबरोबर या तीन गोष्टींमध्ये वेळेचे आणि जागेचे अंतर पाडले, आणि पैशाच्या फसवणुकीचे जवळजवळ सगळे प्रकार याच अंतरात घडतात. फसलेल्या माणसाला मोबाइल नीट वापरता येत नव्हता, असे सर्रास म्हटले जाते. ते अन्यायाचे आहे. रोज मोबाइलवरून पैसे देणारी-घेणारी, हिशेबाला चोख असलेली माणसेही या व्यवहारात फसतात, कारण भामटा पैसे देण्याऐवजी पैसे जमा झाल्याचा भास देतो आणि विक्रेत्याला तो भास खरा वाटावा अशी घाई निर्माण करतो.

या भासाचा सर्वांत परिचित प्रकार यूपीआयचा आहे. यूपीआय म्हणजे भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेली, मोबाइलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था. तिच्यातील पिन हा गुप्त अंक म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाण्यास खातेदाराने दिलेली संमती असते. खात्यात पैसे येण्यासाठी पिन कधीही लागत नाही, आणि समोरच्याने पाठवलेला क्यूआर कोड, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा तो संकेत, स्कॅन करावा लागत नाही. ही गोष्ट एरवी सर्वांना ठाऊक असते, पण मोठा व्यवहार जुळत आल्याच्या आनंदात ती नेमकी विसरली जाते. फोनवरचा ग्राहक गाडी न पाहता, भावाची घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो. आपण सैन्यात असून सध्या दूरच्या ठाण्यावर नेमणुकीला आहोत, असे सांगून ओळखपत्राचे, कॅन्टीन कार्डाचे आणि गणवेशातील छायाचित्र पाठवतो. ही कागदपत्रे बहुधा दुसऱ्याच कुणाची तरी चोरलेली किंवा बनवलेली असतात. ज्या महाराष्ट्रात घरटी एक जण फौजेत असलेली गावे आहेत, तेथे गणवेशावरचा विश्वास सहज बसतो, आणि त्या विश्वासाचा असा वापर व्हावा ही गोष्ट पैशाच्या हानीइतकीच संतापजनक आहे.

प्रस्तुत लेखिकेने हा धडा पंचवीस हजार रुपये गमावून घेतला. पुण्यातील घरची सात वर्षे वापरलेली गाडी विकायला काढली असता अशाच एका ग्राहकाने इसाराची रक्कम लगेच पाठवतो असे सांगितले, आणि खाते बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रथम पाच रुपयांचा क्यूआर कोड स्कॅन करायला लावून त्या बदल्यात खरोखरच दहा रुपये परत पाठवले. या दहा रुपयांनी मनातली शंका मिटवली. दुसऱ्या कोडवर ‘इसार’ असे लिहिलेले होते. तो स्कॅन केल्यावर पडद्यावर पैसे देण्याचीच सूचना आली आणि ती वाचलीही गेली, परंतु ती सूचना आमच्या कार्यालयाच्या बाजूची आहे, तुमच्याकडे रक्कम जमाच दिसेल, असे तो माणूस फोनवर सांगत राहिला आणि पिन दाबला गेला. मागे वळून पाहता त्यातील निर्णायक गोष्ट क्यूआर कोड नव्हता, तर न थांबणारा फोन होता. वाचलेल्या अक्षरांचा अर्थ लावण्याइतकी शांतता त्या चार मिनिटांत मिळाली नाही. म्हणून कोणाशीही फोनवर बोलणे चालू असताना पैशाचे कोणतेही ॲप उघडायचे नाही, हा नियम इतर सर्व नियमांच्या आधी पाळला गेला पाहिजे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. क्यूआर कोडचा मार्ग मात्र तसाच मोकळा आहे.

याच कुळातील आणखी दोन प्रकार आहेत. एकात पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट किंवा दहा अंकी खासगी क्रमांकावरून बँकेच्या भाषेतला संदेश येतो. दुसऱ्यात पाच हजारांऐवजी चुकून पन्नास हजार गेले, वरचे परत करा, अशी काकुळतीची विनंती येते. दोन्हींवर उपाय एकच: संदेश, ध्वनी, पावती यांपैकी कशावरही न विसंबता आपल्या बँकेचे ॲप स्वतः उघडून खात्याचा उतारा पाहायचा. ‘गाडीचा तपासणी अहवाल’ किंवा ‘ई-चलान’ अशा नावाने येणारी, एपीके प्रकारची फाइल उघडायचीच नाही. ती कागदपत्र नसते, मोबाइलचा ताबा घेणारे ॲप असते.

धनादेश आणि डिमांड ड्राफ्ट यांच्याविषयी जुन्या पिढीत अजूनही मोठा भरवसा आहे, आणि भामट्यांना तो चांगला माहीत आहे. धनादेश खात्यात भरला जाणे आणि तो वटणे या दोन वेगळ्या घटना आहेत: भरल्यावर त्याची केवळ नोंद होते, रक्कम मात्र देणाऱ्याच्या बँकेने तो मान्य केल्यानंतरच वापरण्याजोगी होते. खरेदीदार स्वतःच विक्रेत्याच्या खात्यात धनादेश भरतो, विक्रेत्याच्या मोबाइलवर बँकेचा खराखुरा संदेश येतो, त्यात रकमेचा आकडा असतो, आणि तो आकडा पाहून किल्ली दिली जाते. यासाठी बहुधा शुक्रवारची संध्याकाळ निवडली जाते, कारण २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि सोमवारपर्यंत विचारायला कोणी नसते. धनादेश न वटणे हा १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे धनादेश-हुंड्यांविषयीच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली गुन्हा आहे, असे सांगून विक्रेत्याला धीर दिला जातो. पण त्या कलमाखाली बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, पैसे चुकते करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते आणि मगच न्यायालयात जाता येते. हा सारा मार्ग खऱ्या नावाच्या, खऱ्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसाविरुद्ध उपयोगी आहे. धनादेश तिसऱ्याच कुणाच्या खात्याचा, चोरलेल्या पुस्तकातला असेल, तर नोटीस पाठवायची कोणाला, हाच प्रश्न उरतो.

डिमांड ड्राफ्ट बँक आगाऊ पैसे घेऊन काढते, त्यामुळे खरा ड्राफ्ट पैशाअभावी परत येत नाही. बनावट ड्राफ्ट मात्र छापता येतो. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टच्या दर्शनी बाजूवर तो काढणाऱ्याचे नावही छापलेले असते, तेव्हा ते नाव खरेदीदाराचेच आहे का, हे पाहावे आणि काढणाऱ्या शाखेकडे विचारणा करावी. मात्र शाखेचा फोन क्रमांक स्वतः शोधावा, कागदावर छापलेला वापरू नये. या सर्वांपेक्षा आरटीजीएस अधिक सुरक्षित आहे. दोन लाख रुपये आणि त्याहून मोठ्या रकमा खात्यातून खात्यात लगेच वर्ग करण्याची ही पद्धत १४ डिसेंबर २०२० पासून दिवसाचे चोवीस तास, रविवारीही चालते, म्हणून ‘आज सुट्टी आहे, पैसे उद्या येतील, गाडी आज न्यायची आहे’ या बोलण्यात तथ्य उरलेले नाही. रोख रकमेचा आग्रह धरणाऱ्याला तर नम्रपणे नकारच द्यावा: आयकर कायद्यात २०१७ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर, बसू शकतो.

सर्वांत कमी चर्चिला जाणारा आणि म्हणूनच सर्वांत घातक प्रकार मध्यस्थाचा आहे. भामटा खऱ्या विक्रेत्याची जाहिरात, छायाचित्रांसह, कमी किंमत लावून आपल्या नावाने दुसरीकडे टाकतो. समजा खऱ्या जाहिरातीत चार लाख ऐंशी हजार असतील, तर त्याच्या जाहिरातीत साडेतीन लाख असतात. तिला भुललेल्या खऱ्या ग्राहकाला तो सांगतो की गाडी माझ्या चुलतभावाच्या दारात उभी आहे, जाऊन पाहा, पण किमतीचे बोलणे माझ्याशीच करा. विक्रेत्याला तो सांगतो की गाडी मीच घेणार आहे, पाहायला माझा मेहुणा येईल, त्याचे माझे काही देणेघेणे आहे म्हणून त्याच्यासमोर किमतीचा विषय काढू नका. दोन प्रामाणिक माणसे एकाच गाडीभोवती उभी राहतात, इंजिन चालू करून पाहतात, आरसी बुक उलटसुलट करतात, आणि ज्या एका गोष्टीने हा सारा डाव उघडा पडला असता ती, म्हणजे किंमत, दोघेही सौजन्यापोटी उच्चारत नाहीत. ग्राहक पैसे भामट्याच्या खात्यात भरतो. विक्रेत्याला बनावट पावती मिळते किंवा काहीच मिळत नाही. आणि मग दारातच दोघांमध्ये जे भांडण सुरू होते त्यात दोघेही एकमेकांना चोर समजतात. गाडी पाहायला आलेल्या माणसाला ‘तुम्ही किती रुपये, कोणाच्या खात्यात देणार आहात?’ एवढे तोंडावर विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. ज्याच्या नावावर गाडी होणार आहे त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत, हा आग्रह शेवटपर्यंत सोडू नये.

या आग्रहाला आणखी एक कारण आहे. पैसे खरोखरच जमा झाले, आकडाही बरोबर आला, तरी ते कुठून आले यावर विक्रेत्याची पुढची झोप अवलंबून असते. दुसऱ्या कुठल्या तरी फसवणुकीत लुबाडलेली रक्कम चार-पाच खात्यांतून फिरवून गाडीची किंमत म्हणून विक्रेत्याच्या खात्यात आली, आणि मूळ तक्रारदाराच्या तक्रारीवरून पोलिसांनी ती साखळी शोधली, तर बँक त्या रकमेवर, कधी संपूर्ण खात्यावरच, रोख लावते, म्हणजे पैसे काढणे थांबवते. तक्रार परराज्यातील असली, तर खुलासाही तेथील पोलिसांकडे करावा लागतो. अशा वेळी विक्रीचा करारनामा, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत, संभाषणांच्या नोंदी आणि मालकी-हस्तांतराची कागदपत्रे एवढेच विक्रेत्याच्या हातात असते. अनोळखी नावांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्याने येणारी रक्कम म्हणूनच स्वीकारू नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगण्याजोगे एवढेच की मालकी बदलण्याचे नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज कोरे सही करून कोणालाही देऊ नयेत आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी पैसे खात्यात दिसेपर्यंत सांगू नये. विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे त्याच क्षणी तक्रार केली पाहिजे, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वीच ती अडवता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार खातेदाराने स्वतःच गुप्त अंक वापरून वा देऊन हानी झाली असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि तक्रारीनंतरचे बँकेचे ठरते. प्रस्तुत लेखिकेने तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी केली; ती रात्र घरात कोणाला सांगावे की नाही, या संकोचात गेली होती, आणि तेवढ्या वेळात रक्कम पुढे सरकली होती. फसवल्या गेलेल्याने लाजण्याचे काहीही कारण नाही, हे त्या रात्री कोणी तरी सांगायला हवे होते.

तीच गाडी पुढे दोन महिन्यांनी विकली गेली, तेव्हा व्यवहार खरेदीदाराच्या बँकेच्या शाखेत बसून झाला: प्रथम करारावर सह्या, मग आरटीजीएस, मग विक्रेत्याच्या स्वतःच्या मोबाइलवर उताऱ्याची खात्री, आणि त्यानंतर किल्ली. काचेवरचा फास्टॅग जागेवरच काढून घेण्यात आला, नाही तर नव्या मालकाचा टोल जुन्या खात्यातून कापला गेला असता. गाडी सुपूर्द केल्याच्या पावतीवर दिनांकाबरोबर वेळही लिहिण्यात आली, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे, कारण त्याच संध्याकाळी त्या गाडीचे चलान फाटले असते, तर ती कोणाच्या हातात होती, हे दाखवायला केवळ दिनांक पुरला नसता.