खेळाच्या मैदानातील नांग्या भरा





या पानावर आजवर मी लागण, खोडवा, हुमणी, पाचट आणि खतांचे हप्ते याविषयी लिहीत आलो. या अंकातील विषय थोडा वेगळा आहे, पण तो आपल्याच शिवारातला आहे. आपल्या गावातील, आपल्याच घरातील अपंग माणसांचे खेळ आणि विरंगुळा, हा तो विषय. सरकारी कागदात आता ‘दिव्यांग’ असा शब्द आहे. शब्द कोणताही असो, माणूस ओट्यावर बसून आहे आणि खेळ मैदानावर चालला आहे, ही स्थिती तीच राहते.

खोडव्यात नांगी पडली की आपण काय करतो? पिशवीतले रोप आणून वेळेत नांगी भरतो. कारण ती जागा पाणी खाते, खत खाते आणि ऊस मात्र देत नाही. ‘एक बेट गेले तर काय झाले,’ असे जाणता शेतकरी म्हणत नाही. गावाच्या खेळातही अशा नांग्या आहेत. त्या आपण वर्षानुवर्षे पाहतो, पण भरत नाही.

माझी स्वतःची चूक

मागील वर्षी आपल्या पटांगणावर सभासद व कामगारांच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. व्यवस्था माझ्याकडे होती. आपल्या एका सभासदाचा मुलगा पूर्वी व्हॉलीबॉल चांगला खेळायचा. कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात गेला. मी मोठ्या आस्थेने त्याला बोलावले, व्यासपीठावर बसवले, शाल-श्रीफळ दिले. टाळ्या झाल्या. खाली उतरताना तो मला हळूच म्हणाला, “सायेब, शाली दोन हायत घरात. त्यापरीस एक सर्व्हिस मारू दिली असती, तर लई बरं झालं असतं.”

मी हसून “पुढच्या वर्षी बघू” म्हणालो. रात्री घरी गेल्यावर विचार करू लागलो. सर्व्हिस तर एकाच हाताने मारतात! त्याच हाताने चेंडू वर उडवायचा आणि त्याच हाताने हाणायचा, हे त्याला सहज जमण्यासारखे होते. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, कारण मी त्याचा गेलेला हात पाहिला, राहिलेला हात पाहिलाच नाही.

चूक इथेच होते. आपण दया दाखवतो, सत्कार करतो, पण खेळात जागा देत नाही.

आपल्याच मातीतील दाखले

कोणी म्हणेल, अपंगांना कसले खेळ? तर आपल्याच सांगली जिल्ह्यातले श्री. मुरलीकांत पेटकर पाहा. सैन्यात असताना १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी.

दुसरे नाव श्री. सचिन खिलारी यांचे. आटपाडी तालुक्यातील करगणीचे हे खेळाडू. लहानपणीच्या अपघातात एक हात अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले. तिसरे उदाहरण कुस्तीतले. हरियाणाचे पैलवान वीरेंद्र सिंह यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. ऐकू येणाऱ्या मल्लांच्या दंगलीत ते लढले, कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली आणि २०२१ साली पद्मश्रीचे मानकरी ठरले.

मात्र हे दाखले वाचून ‘आपल्या पोरानेही पदक आणावे’ असा अर्थ कोणी काढू नये. शंभरातली दोन-चार पोरे तालमीत नाव काढतात, बाकीची मोकळ्या अंगाने खेळून घरी येतात. तेवढाच हक्क अपंग मुलालाही आहे. हरण्याचा हक्कसुद्धा.

कोणासाठी कोणता खेळ?

जमीन पाहून वाण निवडावा, तसे माणूस पाहून खेळ निवडावा. पण निवड त्याला विचारूनच करावी.

१) पाय अधू असल्यास : बैठा व्हॉलीबॉल हा उत्तम खेळ आहे. मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, म्हणजे साधारण ३३ बाय २० फूट. पुरुषांसाठी जाळी १.१५ मीटर, स्त्रियांसाठी १.०५ मीटर उंच. एका बाजूला सहा खेळाडू. चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचे नाही, हा मुख्य नियम. हाताने सरकत खेळायचे असते, म्हणून खडे नसलेली गुळगुळीत जागा हवी. धडधाकट माणसानेही बसून खेळून पाहावे. पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटतो आणि पाय नसणाऱ्याचे हात किती तयार असतात, ते कळते.

२) डोळ्यांनी दिसत नसल्यास : अंधांचे क्रिकेट आपल्या देशात चांगले रुजले आहे. त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ साली दिल्लीत झाली. चेंडू कडक प्लॅस्टिकचा असून आत छर्रे असतात, त्यांच्या आवाजावर खेळायचे. गोलंदाज चेंडू खालून टाकतो. टाकण्यापूर्वी फलंदाजाला तयार आहे का विचारतो आणि ‘प्ले’ अशी हाक देतो. अकरा जणांत निदान चार पूर्ण अंध असावे लागतात आणि पूर्ण अंधाने काढलेल्या धावा दुप्पट धरतात. सरावापुरता साधा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला तरी खुळखुळ आवाज येतो. अंधांचा बुद्धिबळाचा पट गावचा सुतारही करू शकेल. काळी घरे थोडी उंच, प्रत्येक घरात भोक, सोंगटीला खाली खुंटी आणि काळ्या सोंगटीच्या डोक्यावर एक टाचणी. चाचपून सगळा डाव कळतो.

३) हातापायांवर ताबा कमी असल्यास : मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी बोशिया नावाचा खेळ आहे. आपल्या गोट्यांचा भाऊच समजा. एक पांढरा चेंडू पुढे टाकायचा आणि आपले लाल किंवा निळे सहा चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. ज्याला फेकता येत नाही, तो उतरत्या पन्हळीतून चेंडू सोडतो. आपल्या शेतातला पी.व्ही.सी. पाइप अर्धा चिरला की पन्हळ झाली. स्पर्धेत पन्हळ धरणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो. नेम खेळणाऱ्याचा, मदतनीसाचा नव्हे. हा नियम आपण सर्वांनीच मनात धरावा.

४) ऐकू येत नसल्यास : खेळ बदलायची गरजच नाही. पंचाने शिट्टीबरोबर लाल झेंडी दाखवावी, एवढेच. कबड्डी, खो-खो, कुस्ती, सर्व खेळता येते. खो-खोत नुसता आवाज न देता पाठीवर स्पष्ट थाप द्यावी.

५) समज कमी असल्यास : नियम थोडे ठेवावेत, रोज तेच ठेवावेत आणि जोडीदार शक्यतो एकच असावा. पळणे, चेंडू फेकणे, दोरीवरून उड्या यांत ही मुले रमतात. हसणाऱ्या प्रेक्षकाला मात्र मैदानाबाहेर काढावे.

खेळाइतकाच विरंगुळा

खेळ सर्वांनाच आवडतो असे नाही. कोणाला वाचनालय हवे असते, कोणाला भजन, कोणाला पारावरच्या गप्पा. अंध माणसाला आपण पेटी-पखवाजावर आनंदाने बसवतो. पण चाकाच्या खुर्चीतल्या बाईला देवळाच्या पाच पायऱ्यांखालूनच नमस्कार करायला लावतो. अपंग पुरुष निदान चौकात दिसतो, अपंग मुलगी तर उंबऱ्याच्या आतच राहते. तिच्या मैत्रिणींनी तिला बरोबर घेतले, तर निम्मे काम होते. आणि कॅरमला काय लागते? फक्त टेबल असे हवे की खुर्चीचे हात खाली जातील.

वाट आणि मैदान

मैदान कितीही चांगले असले तरी वाट नसेल तर उपयोग काय? ऊस तयार आहे, पण गाडीवाट नाही, त्यातली गत.

उतार करताना १ फूट उंचीला १२ फूट लांबी धरावी. यापेक्षा चढ उभा केला तर खुर्ची मागे उलटण्याचे भय असते. उतार चार फूट रुंद आणि वरून खरखरीत ठेवावा. दार निदान तीन फुटांचे हवे. आपल्या काळ्या रानात खुर्चीची पुढची लहान चाके रुततात, म्हणून वाटेवर मुरूम टाकून रोलर फिरवावा. पाण्याची टाकी आणि संडास खुर्चीतून पोचण्याजोगे असावेत. संडासची सोय नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिता बसणारी माणसे मी पाहिली आहेत. यात्रेत पुढच्या बाजूला दहा-बारा खुर्च्यांची सपाट जागा राखावी. सोबत्यालाही शेजारीच बसू द्यावे.

खबरदारी

उत्साहाच्या भरात इजा होऊ नये, म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

अ) मणक्याची इजा असलेल्याला बुडाखाली संवेदना नसते. तासन् तास एका जागी बसल्यास जखमा होतात आणि त्या चिघळतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून भार हलवावा, खाली गादी घ्यावी.

आ) अशा माणसाला चटकाही कळत नाही. तापलेली फरशी, पत्रा आणि दुपारचे ऊन टाळावे.

इ) फिट येणाऱ्याने एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये. पोहणे हा फार चांगला व्यायाम आहे, पण तो राखणदार असलेल्या तलावात. विहीर आणि कालवा ही शिकण्याची जागा नव्हे.

ई) न विचारता कोणाला उचलू नये, खुर्ची ढकलू नये. अंधाचा हात धरून ओढू नये, आपला कोपर त्याला धरू द्यावा.

कायदा व पैसा

२०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. याच कायद्याने खेळ आणि करमणूक यांत भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा मैदानावर जागा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत हा विषय काढावा. त्या पैशातून काय घ्यायचे, हे मात्र गावातल्या अपंगांनाच विचारावे. ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र नाही, त्यांनी ते काढून घ्यावे. पण गावच्या मैदानावर खेळायला कोणताही दाखला लागत नाही, हेही सांगून ठेवतो.

यात्रेपूर्वी एवढे करा

गळीत हंगाम आटोपला की चैत्रातल्या यात्रा येतात. यात्रा कमिटीत आपलेच सभासद असतात. तेव्हा,

१. आपल्या गल्लीत कोण खेळायचे राहिले आहे, हे आठवा. घरी जा आणि त्याला स्वतःला विचारा, त्याच्या वडिलांना नव्हे.

२. यात्रेच्या खेळांत एक खेळ सर्वांनी मिळून खेळायचा ठेवा. ‘अपंगांसाठी खास’ म्हणून कोपऱ्यात, दुपारच्या उन्हात उरकू नका.

३. बक्षीस जिंकणाऱ्याला द्या. सर्वांना सारखी सहानुभूतीची भांडी वाटू नका.

४. ज्यांना खेळायचे आहे, त्यांची नावे त्यांच्या संमतीने गट ऑफिसला किंवा आपल्या चिटबॉयकडे द्यावीत. पुढील क्रीडा स्पर्धेची आखणी त्याप्रमाणे करण्याचा मी प्रयत्न करीन.

शेवटी

ज्या मुलाची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्याच्या गावी यंदा दिवाळीनंतर व्हॉलीबॉलचे सामने होते. यावेळी मी शाल नेली नाही. कॅप्टनशी आधी बोलून ठेवले होते. दुसऱ्या डावात तो मैदानात उतरला. पहिली सर्व्हिस जाळीत गेली. कोणी ‘असू दे, असू दे’ म्हटले नाही. उलट त्याच्याच बाजूच्या एकाने “नीट मार की रं!” म्हणून सुनावले. दुसरी सर्व्हिस सपकन जाळीवरून गेली. समोरच्यांनी ती उचलली आणि खेळ पुढे चालू राहिला. सामना त्यांचा संघ हरला. परतताना तो आपल्या गड्यांशी तावातावाने भांडत होता, कोणाच्या चुकीने गुण गेले म्हणून.

त्याचे ते भांडण ऐकून मला फार बरे वाटले. नांगी भरली की ते रोप वेगळे ओळखू येत नाही, उसात ऊस होऊन जाते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी