व्यवहारभाषा : 'बाकी आहे' आणि 'फेडीन'

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस कबुली व वचन या भाषिक कृतींमधील भेद सांगता येईल आणि कर्जविषयक मजकूर डोळसपणे वाचता येईल.

विद्यार्थी मित्रहो, धारूर परिसरातील ऊसतोड मजुरांच्या बोलण्यात 'उचल' आणि 'बाकी' हे शब्द नित्याचे आहेत. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ही उचल. तोडणीच्या मजुरीतून ती पूर्ण फिटली नाही, तर उरते ती बाकी. हिशोबाची वही बहुधा मुकादमाची असते. मजुराची असते ती सही किंवा अंगठा. लिहिता न येणाऱ्याचा अंगठाही कायद्याने सहीच मानला जातो. म्हणून त्या सहीच्या वर कोणते क्रियापद लिहिले आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत दाखवून दिले, की काही वाक्ये माहिती देत नाहीत, तर कृती करतात. कर्जाची चिठ्ठी हे त्याचे ठळक उदाहरण होय. साध्या कर्जाच्या वसुलीसाठी दावा करण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षे असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी कबुली देऊन सही केली, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. 'बाकी आहे, पण देणार नाही' हे वाक्यदेखील कबुलीच ठरू शकते. कारण त्यात नकार आहे तो देण्यास, देणे असल्याला नव्हे. मुदत संपल्यानंतर मात्र 'आहे' हा वर्तमानकाळ पुरेसा नसतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ नुसार तेथे 'फेडीन' असे लेखी, सही केलेले वचन लागते. वसुलीच्या पलीकडे गेलेले कर्ज या एका भविष्यकाळी क्रियापदाने पुन्हा वसुलीयोग्य होते.

नादारीतही हाच प्रश्न उद्भवतो. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली न्यायालयाने मुक्तीचा आदेश दिला, की बहुतेक जुन्या देण्यांतून ऋणको सुटतो. अमेरिकेत अशा मुक्तीपूर्वी एखादे कर्ज करार करून पुन्हा स्वीकारता येते. मात्र तो करार न्यायालयात दाखल करावा लागतो आणि त्यानंतर किमान ६० दिवस तो मागे घेता येतो. आपल्याकडील कबुलीच्या चिठ्ठीला अशी सवड नाही. म्हणून विचार करायचा तो सहीपूर्वीच : क्रियापद, रक्कम आणि तारीख या तिन्ही गोष्टी वाचून किंवा विश्वासू माणसाकडून वाचवून घेऊन.

स्वयंअध्ययन प्रश्न : पुढील वाक्ये कबुली, वचन की यांपैकी काहीच नाही, ते सकारण लिहा.
१. 'मागील बाकी पुढील हंगामात फेडीन.'
२. 'बाकी मान्य आहे. व्याज मान्य नाही.'
३. 'माझ्याकडे काही निघत असेल, तर हिशोब दाखवा.'