उड्डाणाआधीचे पाच सेकंद

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आयटी पट्ट्यातल्या मराठी घरांत बारावीनंतर एकच धास्ती असते: कॉम्प्युटर सायन्स मिळालं नाही तर? मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे मुलाचं नुकसान, हे गृहीतच असतं. मला ते पटत नाही, आणि त्याचा दाखला इथून शंभरेक किलोमीटरवर, श्रीहरिकोट्याला आहे. 28 मार्च 2001 रोजी इस्रोचं पहिलं जीएसएलव्ही यान उडायचं होतं. त्याचे चार द्रवइंधन बूस्टर मधल्या घनइंधन मोटरच्या सुमारे पाच सेकंद आधी पेटतात. घनइंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, म्हणून तेवढ्या अवधीत चारही इंजिनांचा जोर तपासायचा. त्या दिवशी एकाचा जोर कमी भरला. स्वयंचलित यंत्रणेने इंजिनं बंद केली आणि चारशे टनांचं यान पॅडवरच राहिलं. चौघांचा एकत्रित जोर यानाच्या वजनाहून कमी, म्हणून त्याचा भारच त्याला धरून ठेवतो. 18 एप्रिलला ते उडालं.

आता या पाच सेकंदांत कोणाकोणाची विद्या आहे ते बघा. जोर कळावा म्हणून इंजिनातला दाब मोजणारा सेन्सर इन्स्ट्रुमेंटेशनचा, व्हॉल्व्ह मेकॅनिकलचा, ज्वाळा झेलणारा पॅड सिव्हिलचा, नळीचा सांधा आयटीआय झालेल्या वेल्डरचा. थांबायचा निर्णय घेणारा प्रोग्राम कॉम्प्युटरवाल्याचा, पण किती दाब म्हणजे कमी हे त्यालाही कळावं लागतं.

‘इस्रोत जागा किती?’ हा पालकांचा आक्षेप रास्त आहे. जागा थोड्याच असतात आणि सुरुवातीचा पगार आयटीएवढा असेलच असं नाही. पण हे काम इस्रोच्या कुंपणात मावत नाही. त्या बूस्टरांची ‘विकास’ इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये घडतात, मोटरची आवरणं वालचंदनगरला. आणि दाब, कंपन, उष्णता ओळखणारा माणूस रिफायनरीलाही हवा असतो, मोटार कारखान्यालाही. शिवाय इस्रोत जायच्या वाटा एकाहून जास्त आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ तंत्रज्ञानाची संस्था आहे, डिप्लोमावाल्यांना तांत्रिक सहायकाची आणि आयटीआयवाल्यांना तंत्रज्ञाची भरती आहे.

कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या आकड्याआधी प्रयोगशाळा बघा, कारण उपग्रह कॉलेजातही घडतात. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने शोळिंगनल्लूरच्याच सत्यभामा विद्यापीठाचा दीड किलोचा उपग्रह नेला, आणि त्याच यानातून पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा एक किलोचा ‘स्वयम्’ही गेला. तुम्ही बघाल त्या प्रयोगशाळेतल्या मुलांना विचारा: कुठला भाग तुम्ही स्वतः जोडला, आणि चाचणीत तो कितीदा नापास झाला?